डिपार्ट या शब्दाचा जुना अर्थ

परतीचा पाऊस यंदा दिवाळी संपली तरी परतायचं नाव घेत नव्हता. अखेर एका सकाळी तो गेला, आणि दुपारी पोशीरहून बाळूचा फोन आला. बाळू आमचं शेत अर्धेलीनं करतो. म्हणजे बियाणं आमचं, राबणं त्याचं आणि भात अर्धं अर्धं. "बाई, भात पिवळं पडलंय. आडवं व्हायच्या आत कापाया पायजे," तो म्हणाला. मी भिसेगावातल्या माझ्या घराच्या खिडकीशी उभी होते. म्हटलं, "बरं."

हल्ली मी बहुतेक गोष्टींना बरं म्हणते. आमचे हे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं की ओठ कसा परका होतो, बोट लावून बघावं तर जागेवर असतो, पण आपल्याला काही सांगत नाही, तसं माझं झालंय. लोक विचारतात, कशा आहात. मी सांगते, बरी आहे. ते खोटं नाही. वाईट वाटायलासुद्धा अंगात धुगधुगी लागते, आणि ती मी शाळेसाठी राखून ठेवते.

शाळेत मी इंग्रजी शिकवते. त्याच आठवड्यात नववीतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, "बाई, लीव्ह आणि डिपार्ट यात फरक काय?" इतकी वर्षं शिकवल्यावर असल्या प्रश्नांची उत्तरं झोपेतही देता येतात. सांगितलं, लीव्ह घरगुती आहे आणि डिपार्ट सरकारी. माणूस लीव्ह करतो, गाडी डिपार्ट होते. वर्ग हसला, मुलगी खाली बसली, तास संपला. पुढचा तास मोकळा होता, म्हणून शिक्षकांच्या खोलीतला जाडा शब्दकोश काढला. त्याचा पुठ्ठा निघालेला आहे, सुतळीनं बांधून ठेवलाय. ती सुतळी सोडायचा कंटाळा येतो म्हणून तो सहसा कुणी उघडत नाही.

उघडला आणि बघत राहिले. ज्या लॅटिनमधून हा शब्द आला, तिथं त्याचा जाण्याशी काही संबंधच नाही. लॅटिनमध्ये 'पार्स' म्हणजे भाग, वाटा. त्यावरून 'पार्तीरे', म्हणजे वाटणं, वाटे घालणं. त्याच्या आधी 'डिस्' लागला, म्हणजे अलग, वेगवेगळं. एवढाच ऐवज. रोमन माणसाला निघून जायचं असेल तर त्याच्याकडे दुसरे शब्द होते. एक्झिट हा त्यातलाच, आणि तो तर लॅटिनमध्ये अख्खं वाक्यच आहे, 'तो बाहेर जातो'. पण डिपार्टच्या मुळाशी कुणी कुठं जात नाही. तिथं फक्त काहीतरी एक असतं आणि त्याचे वाटे होतात. पुढे हा शब्द फ्रान्समध्ये गेला. तिथल्या लोकांच्या तोंडात वाटणीचं वेगळं होणं झालं. वेगळा झालेला माणूस तिथंच कसा उभा राहील? तो कुठंतरी जातोच. म्हणून वेगळं होण्याचं जाणं झालं. इंग्रजांच्या घरी शब्द पोचला तेव्हा त्याच्याजवळ सगळे अर्थ होते. मग वापरता वापरता वाटणी गळून पडली, आणि जाणं तेवढं उरलं. जुना अर्थ आता फक्त डिपार्टमेंटमध्ये सापडतो, आणि तिथं तो सापडतो हे कुणाला माहीत नसतं.

घंटा झाली. मी सुतळी बांधून शब्दकोश जागेवर ठेवला. मला मनातून हसू आलं, म्हणजे पूर्वीची मी असते तर आलं असतं, असं वाटलं. हे कळायला रोमन लोकांपर्यंत जायची काय गरज होती? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आमच्या पोशीरला भावानं वाटणी घेतली की वाटणी झाली असं फार कुणी म्हणत नाही. म्हणतात, तो वेगळा निघाला. वाटणी आणि जाणं आम्ही अजून एकाच तोंडानं बोलतो.

आमच्याकडे भाऊजी वेगळे निघाले ते असंच भात कापायच्या दिवसांत.

कापलेल्या भाताचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगता येणार नाही. ओल्या गवताचा, चिखलाचा आणि थोडा दुधाचा, असा मिळून एक वास असतो. उन्हं चढली की त्यातला चिखल कमी होतो आणि दूध वाढतं. मग झोडणी सुरू झाली की धूळ. भाताची कुसळं मानेवर, कोपरात, पोलक्याच्या आत. आंघोळ केली तरी खाज जात नाही. मी सकाळची शाळा करून, टेंपोनं पोशीरला उतरून, घरी न जाता तशीच शेतात शिरायची. माझी धाकटी जाऊ सुगंधा पहाटेपासून वाकलेली असायची. तिचा विळा असा चालायचा की पुढचं भात तिला बघून आपणच आडवं होतंय असं वाटावं. मी साडी खोचून तिच्या ओळीला लागले की ती मान वर न करता म्हणायची, "मास्तरीनबाय, इळा धरलाय का खडू?"

आमचं भांडण नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण दोन भाऊ वेगळे निघाले की गाव आधी दोन जावांच्या तोंडाकडे बघतं. भांड्याला भांडं लागायचं, ते कुठं लागत नाही? पण भाऊजींना खोपोलीच्या कारखान्यात कायमची नोकरी लागली होती. पाळीपाळीची ड्यूटी, पोशीरहून रोजचं जाणंयेणं जमेना. सुगंधाचं माहेर खालापूरचं. तिथं जागा बघून घर बांधायचं ठरलं, आणि त्यासाठी आपला वाटा हवा असं त्यांनी ह्यांना सरळ सांगितलं. हेही सरळ हो म्हणाले. सासूसासरे नव्हतेच. ठरलं की भात घरात येऊ दे, म्हणजे राबल्याचा हिशेब राहणार नाही, आणि मग वाटे घालू.

यात एकच गोष्ट होती, जिच्याबद्दल कुणी बोललं नाही. माझी मुलगी जुई तेव्हा चार वर्षांची होती. ती जन्मल्यावर रजा संपली आणि मी शाळेत रुजू झाले, तेव्हापासून तिला वाढवली ती सुगंधानं. सुगंधाला मूल नव्हतं. जुई तिला काकूआई म्हणायची. जेवायची तिच्या हातानं आणि झोपायची तिच्या कुशीत, तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही. दमलेल्या बाईला हेवा वाटत नाही, झोप येते. पण वाटणी ठरल्यापासून आम्ही दोघी जुईसमोर जरा जास्तच कामात असायचो, एवढं मला आठवतं.

वाटणीची आमच्याकडची रीत सोपी आहे. मोठ्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. वाटे घालणाऱ्याला ठाऊक नसतं आपल्या वाट्याला कुठला येणार, म्हणून त्याचा हात आपोआप सरळ राहतो. उचलणाऱ्याला निवड मिळते, म्हणून त्याला तक्रारीला जागा राहत नाही. एकदा वाटा उचलला की बदलायचा नाही. गावातलं एखादं जुनं माणूस समोर बसवायचं. आमच्याकडे आबा होते, गावातल्या कित्येक घरांच्या वाटण्या त्यांच्या समोर झाल्या होत्या. आमच्या ह्यांनी जमिनीचे वाटे घालायला दोन संध्याकाळी घेतल्या. बांधावरून चालायचे, थांबायचे, पुन्हा मागे जायचे. नदीकडची खाचरं एका बाजूला, रस्त्याकडचा वरकस, भात न होणारा माळ आणि वरची दोन खाचरं दुसऱ्या बाजूला. भाऊजींनी रस्त्याकडचं उचललं. आज तिथं पांढरी भिंत आहे. आत मुंबईच्या कुणाचा तरी बंगला, निळ्या पाण्याचा हौद आणि शनिवारी मोठ्यानं गाणी. ती जागा विकून त्यांचं खालापूरचं घर उभं राहिलं. त्यात माझं काही म्हणणं नाही.

मग भात मोजलं. खळ्यावर रास होती. आबा स्वतः मापाला बसले. पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. "लाभ," आबा म्हणाले आणि माप इकडे ओतलं. दुसऱ्या वाट्याचं पहिलं माप भरलं तेव्हा तिथंही "लाभ". दोन लाभ एका खळ्यावर मी पहिल्यांदा ऐकले. आता दर वर्षी ते दोन ठिकाणी म्हणायचे, एवढाच विचार तेव्हा मनात आला.

भांडी शेवटी. ती बायकांनी वाटायची. तिथंही रीत तीच, मोठ्या जावेनं वाटे घालायचे, धाकटीनं उचलायचा. रास उचललेल्या खळ्यावर मी भांडी आणून मांडली. तांब्याचं घंगाळ या बाजूला, तर पितळी घागर आणि कळशी त्या बाजूला. दोन पराती होत्या, मोठी इकडे आणि लहान तिकडे, पण लहानीबरोबर दोन तवे. पाटा इकडे, जातं तिकडे. दुपारची उन्हं होती, भांडी डोळ्यांवर येत होती. शेवटची पळी कुठं ठेवावी हे मला ठरवता येईना, म्हणून ती हातात घेऊन उभी होते. एवढ्यात जुई पेंढ्यातून धावत आली. केसांत काड्या, नाकावर धूळ. ती थेट मोठ्या परातीत जाऊन बसली आणि गोल फिरायला लागली.

सगळे हसले. भाऊजी म्हणाले, "चला, वयनीनं पोरीसकट वाटा घातला." आबांनीही हसत मान हलवली आणि सुगंधाला म्हणाले, "उचल गं सुगंधा. पयला हक तुजा. आवडंल त्यो घे."

हसणं जरा वेळ चाललं आणि मग पातळ झालं. मला कळत होतं की पुढं होऊन जुईला उचलावं. पण उचललं असतं तर आबांचं बोलणं चेष्टेचं नव्हतं असा अर्थ झाला असता. यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते बांधाकडे बघत राहिले. कुणीच तिला उचललं नाही. ती फिरत होती आणि परात खळ्यावर खरखर वाजत होती. सुगंधा दोन्ही वाट्यांच्या मधे उभी होती. परातीचा वाटा कुणालाही आवडला असता, घंगाळ त्यातच होतं. तिनं जुईकडे बघितलं नाही. ती वाकली आणि घागरीला हात लावून म्हणाली, "ह्यो माजा."

आबा म्हणाले, "झालं."

जुई परातीतून उठली आणि सुगंधाच्या वाट्यात जाऊन बसली, घागर आणि कळशीच्या मधे. पण वाटा एकदा उचलला की बदलत नाही. मी तिला उचलून घरात नेलं. तिची आंघोळ राहिली होती.

यात कुणाचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. रीतीप्रमाणं सगळं झालं. चार दिवसांनी टेंपो आला, सामान चढलं. सुगंधा पुढं ड्रायव्हरजवळ बसली आणि म्हणाली, "येते ताई." जुई तेव्हा शेजारच्या घरी पोहे खात होती. आम्हीच तिला तिकडे पाठवलं होतं. माणूस गेल्यावर लगेच केर काढू नये म्हणतात, म्हणून मी अंगणातला पेंढा संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. जुईला निजवायला घेतली तर तिनं माझा कान चाचपला, सोडला, आणि म्हणाली, "ह्यो कान नाय." रडली नाही. काही दिवसांनी ती आपलाच कान धरून झोपायला लागली. अजून तशीच झोपते, आणि का ते तिला माहीत नाही.

मग पुढं काय झालं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. दिवाळीला भाऊजी फराळाचा डबा घेऊन यायचे. ती का नाही आली विचारलं तर घरात कुणीतरी पायजे म्हणायचे. गणपतीला ती यायची, पण सकाळी येऊन दुपारी जायची, आणि जुई लाजून माझ्यामागं लपायची. मुलं लवकर विसरतात, हे चांगलंच आहे. काकूआईची काकू झाली आणि काकूची खालापूरची काकू. आम्ही भिसेगावात राहायला आलो. एकदा कडाकडा भांडून झालं असतं तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. न झालेलं भांडण मिटवायला कुठून सुरुवात करायची?

डिपार्टचे आणखी अर्थ शब्दकोशात होते. त्याच पानावर खाली होतं, गेलेला माणूस, मृत. इंग्रजीत त्यांना 'डिपार्टेड' म्हणतात. आम्हीही गेले असंच म्हणतो. पण जुन्या अर्थानं वाचलं तर ते गेले नाहीत, वाटले गेले. हे गेले तेव्हा मला तसंच वाटलं होतं. यांचा चष्मा जुईच्या पाठच्या भावाकडं नागपूरला गेला, घड्याळ जुईकडे, बूट बाळूला. इंग्रजांच्या जुन्या लग्नविधीतही म्हणे हा शब्द होता. नवराबायको शपथ घ्यायचे की मरण आपली वाटणी करील तोवर सोबत राहू. पुढे लोकांना डिपार्ट म्हणजे फक्त जाणं एवढंच कळायला लागलं आणि ते वाक्य विचित्र वाटू लागलं, म्हणून शब्द बदलला. मला तो जुनाच बरोबर वाटतो.

यांच्या वेळी सुगंधा आली होती. दिवस होईपर्यंत राहिली. सगळा स्वयंपाक तिनं केला, आलेल्यागेलेल्याला चहा दिला. माझ्याशी जेवा आणि झोपा याशिवाय बोलली नाही. मीही बरं म्हणत गेले. तेराव्यानंतर ती गेली तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिनं माझ्या पायांवर चादर ओढली, ते कळलं.

आता जुईचं लग्न आहे, तुळशीचं लग्न झालं की लगेच. ती पुण्यात नोकरी करते, मुलगाही तिकडचाच. कर्जतला हॉल घेतलाय. सगळं तिनं फोनवरूनच ठरवलं, मी बरं म्हणत होते. मग एका रविवारी ती म्हणाली, "आई, मामा म्हणतोय कन्यादानाला काका-काकूंना बसवायचं. म्हणजे बाबा नाहीत, आणि तू..." तिनं वाक्य तोडलं. पुढचा शब्द तिला माझ्यासमोर म्हणवेना. मला त्या शब्दाचं काही वाटत नाही. ती घाईघाईनं म्हणाली, "मला नाही ते पटत. तूच बस. हल्ली आया एकट्या बसतात. मी गुरुजींशी बोलते." मी म्हटलं, बरं. इंग्रजीत यालाही डिपार्टच म्हणतात, रीत सोडून वेगळ्या वाटेनं जाणं. नववीच्या पुस्तकात तो अर्थ नाही.

संध्याकाळी वह्या तपासत होते. तपासता तपासता हात थांबला. मला काहीतरी हवं आहे असं लक्षात आलं. दोन वर्षांत मला काही हवं वाटलं नव्हतं, त्यामुळे ते आधी ओळखूच आलं नाही, भूक असेल असं वाटून मी एक पोळी खाल्ली. मला कन्यादानाला सुगंधा हवी होती. मला बसता येत नाही म्हणून नव्हे. गुरुजी बसा म्हणाले तरी मला सुगंधाच हवी होती.

माझ्या भावाला फोन लावला. त्यानं तोवर घोळ घालून ठेवला होता. सुगंधाला परस्पर फोन करून तो म्हणाला होता, "ताईला आता बसता येत नाही, तर तुम्ही दोघं बसा." ती नाही म्हणाली होती. का, ते सांगितलं नाही. "पुन्हा एकत्र यायचं चांगलं निमित्त होतं," तो म्हणाला, "पण तिच्या मनात अजून वाटणीचं असणार." मी फोन ठेवला. असा नकार दिल्यावर ती लग्नाला येईल, दोन अक्षता टाकून दुपारच्या गाडीनं जाईल, आणि मग आमच्यात पुढं काही उरणार नाही. जुई सासरी गेल्यावर गणपतीलाही कुणी कुणाकडं कशाला जाईल?

दुसऱ्या दिवशी पोशीरला गेले. यंदा मशीन आणलं होतं. एका बाजूनं उभं भात आत जातं, दुसऱ्या बाजूनं दाणा बाहेर पडतो. खळं कुणी सारवत नाही, रास होत नाही, लाभ म्हणायला कुणी मापाला बसत नाही. पोती मोजायची आणि अर्धी अर्धी करायची. पण वास तोच होता, आणि मान खाजायला लागली. बाळूनं गिरणीतून थोडा नवा तांदूळ काढून आणला. त्यातला पिशवीभर मी घेतला. घरी न जाता तशीच खोपोलीच्या एसटीत बसले, आणि खोपोलीहून रिक्षानं खालापूरला.

भाऊजी बाजारात गेले होते. सुगंधा मागच्या पडवीत बिरडं सोलत होती. भिजवून मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले, एकेक दाबून साल काढायची आणि डाळ ताटात टाकायची. मला बघून ती उठायला लागली, मी नको म्हटलं आणि समोर पाट ओढून बसले. तिचे केस पांढरे झाले होते. माझेही झालेत, पण तिचे बघून मला आमचं वय कळलं.

"नवा तांदूळ आणलाय," मी म्हटलं.

"पोशीरचा?"

"नदीकडचा."

तिनं पिशवीत हात घालून मूठभर काढला, वास घेतला आणि परत ठेवला. मी पातेल्यात हात घातला आणि वाल सोलायला लागले. 

"तुमच्या भावाचा फोन आलता," ती म्हणाली.

"कळलं."

"मी नाय म्हनले."

"तेही कळलं."

"राग आला आसंल तुमाला."

"नाही गं. मला हल्ली राग येत नाही."

तिनं मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. "ह्ये काय चांगलं नाय ताई," ती म्हणाली. मग पुन्हा वालाकडे बघत बोलायला लागली. आवाज चढलेला नव्हता. "त्ये म्हनले, ताईला बसता येत नाय म्हून तुमी बसा. मी म्हनले, का नाय येत? जिनं पोर जल्माला घातली तिनं मागं उबं राहायचं आनि मी पाटाव बसायचं? नवरा जित्ता हाय म्हून? तुमाला उठवून मला बसवत्यात, आनि मी बसू? मला नाय जमायचं."

"मी त्यासाठी नाही आले," मी म्हटलं. "मला कुणी उठवत नाहीये. जुई बस म्हणते, गुरुजींशीही तीच बोलतेय. मलाच तू हवी आहेस."

तिचे हात थांबले. "का?"

 मी हातातला वाल दाबत राहिले, तो कधीच सोलून झाला होता.

"कन्यादान म्हनत्यात त्याला," ती हळू म्हणाली. "दान कराया आदी ती वस्तू आपली आसाया लागती, ताई. दुसऱ्याचं उचलून दिलं तर त्याला काय म्हनत्यात ठावं हाय ना? पोर ल्हान व्हती तवर मी तुमच्याकडं राहायाला आले नाय. का नाय आले म्हाईत हाय? आले आसते तर येताना पोर घेऊन आले आसते. उचलूनच आनली आसती, कुनाला इचारलं नसतं. त्या दिवशी बी हात तिकडंच चाललेला. मी वडला मागं." तिनं श्वास घेतला. "ती माजी व्हती का कदी? तुमी सांगा. तुमी तोंडानं म्हना, मंग मी बसते. नायतर अक्षता टाकून जाते."

पडवीत ऊन आलं होतं. शेजारच्या घरी कुणीतरी बादली भरत होतं. मला त्या बादलीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, आणि बाकी आत काहीच नव्हतं. पण मी बोलले.

"तुझीच आहे," मी म्हटलं. "ती माझ्या वाट्याला आली नव्हती. तू सोडलीस म्हणून माझ्याकडं राहिली."

 सुगंधानं ताट उचललं, बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "हळद कदी हाय?"

मी सांगायला तोंड उघडलं. यांना नेलं तेव्हा न आलेलं रडू त्या पडवीत आलं, मोठ्यानं, लहान पोरासारखं, नाक गळेपर्यंत. मला लाज वाटली नाही. मला फार बरं वाटत होतं आणि फार दुखत होतं. सुगंधानं मला उगी उगी म्हटलं नाही, पाणी आणायलाही उठली नाही. ती समोर बसून वाट बघत राहिली. तिला हळदीची तारीख हवी होती.